तू पाणी प्यायला आत गेलीस

ताई, विजय नगरच्या त्या सनीनं मला फसवलं आणि तू त्याला मदत केलीस. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणी विचारू नये की पुरुषोत्तम गेलेल्या माणसावर काहून ओरडून राहिला.

तुझी तेरवी होऊन आठ दिवस झाले. जेवायला तुझ्या फॅक्टरीतले रिटायर झालेले झाडून सगळे आले. हात धुताना एकेक जण मला सांगत होता, "दीदी तो देवी थीं." हीच माणसं तुझ्या इन्स्पेक्शनच्या टेबलावरून माल परत आला की तुला काय म्हणायची, ते मला माहीत आहे. तूच हसत हसत सांगायचीस. देवी! मी त्यांना वाढत राहिलो. माझ्या डोक्यात देवी नव्हती, पांढऱ्या रंगाची ती डिझेल गाडी होती. तेव्हा ती माझ्या दुकानामागे उभी होती आणि अजून उभी आहे.

लोकांना वाटतं जुनी गाडी घेणं म्हणजे पैसे वाचवणं. नवी गाडी घेणाऱ्याला शोरूमचा माणूस हार घालतो, पेढा देतो, फोटो काढतो, आणि तो मूर्ख हसतो. मी उभ्या जन्मात शोरूमची पायरी चढलो नाही. जबलपूरला बडा फुहाऱ्याच्या बाजारात सायकलीवर अस्तर आणि फॉल विकण्यापासून सुरुवात केली, ती सायकलसुद्धा दुसऱ्याची वापरलेली होती आणि ती तू पाहून घेतली होतीस. मला आठवतं, दुकानदार सीटची तारीफ करत होता आणि तू उकिडवी बसून मागचं चाक फिरवत होतीस. तू एकोणीस वर्षांची होतीस, बाबांच्या जागी नुकतीच नोकरीला लागली होतीस. मी आठ वर्षांचा. तू म्हणालीस, "राहू दे, चाक नाचतंय." दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. चौथीला म्हणालीस, "घे." ती सायकल पुढे अकरा वर्षं चालली. मोठा होऊन मी तिच्यावरच कापडाचे गठ्ठे बांधले.

तेव्हापासून आपलं हेच ठरलं. मी तोंड, तू डोळे.

आधी पेपरातल्या जाहिराती होत्या, तीन ओळींच्या. त्यात खोटं बोलायला जागाच कमी होती. मग ते अॅप आलं आणि सगळ्या जबलपूरला लेखक झाल्यासारखं वाटायला लागलं. "डॉक्टर साहब की गाड़ी." "लेडी ड्रिवन." "शौक से रखी है, मजबूरी में बेच रहे." "टाइमपास वाले दूर रहें." फोटोत गाडी पाणी मारून उभी, बाजूला तुळशीचं वृंदावन, जणू काय इंजिनालाही रोज दिवा लावतात. मी फोनवर विचारायचो, "भैया, कितने हाथ की है?" तिकडून छाती ठोकून उत्तर यायचं, "सिंगल हैंड है दादा, मक्खन." प्रत्यक्षात जावं तर कागदावर तीन नावं. मक्खन!

ही माणसं मला आवडायची नाहीत, ताई, आणि तुझ्यापासून ते लपलेलंही नव्हतं. घरातलं भांडं विकतानासुद्धा जो माणूस शेजाऱ्याला तडा दाखवतो, तोच अॅपवर गाडी टाकली की तडा लपवायला गच्चीवरून फोटो काढतो. दुकानदार निदान खोटं बोलून त्याच रस्त्यावर उद्या पुन्हा दुकान उघडतो. हे गडी एकदा खोटं बोलतात आणि फोन बंद करून घरात बसतात.

पण तुझ्यापुढे त्यांची कुणाची डाळ शिजली नाही. कारण तुला कुणी मोजतच नव्हतं. सुती साडी, हातात भाजीची पिशवी, चष्म्याला दोरी. मी बोलायला लागलो की विकणारा माझ्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि घरात ओरडायचा, "अम्मा जी को कुर्सी दो." अम्मा जी खुर्चीवर बसायच्याच नाहीत. आधी बॉनेटवर तळहात. गरम लागलं तर तू मला नुसती मान हलवायचीस, कारण गाडी आधीच चालू करून ठेवली याचा अर्थ थंड असताना ती कुरकुरते. मग तेलाचं झाकण उघडून त्याच्या आत पाहायचं. तिथे सायीसारखा पांढरा थर दिसला की इंजिनात पाणी शिरतंय. आणि शेवटी तू पदर सावरत म्हणायचीस, "बेटा, थोड़ा पानी मिलेगा क्या?" आणि आत जायचीस.

तुझी खरी परीक्षा स्वयंपाकघरात असायची. पुरुष बाहेर खोटं बोलतो, पण त्यानं आतल्या बाईला ते खोटं शिकवलेलं नसतं. रांझीला त्या "लेडी ड्रिवन" स्कूटरच्या घरी तू पाणी पिता पिता सहज विचारलंस, "चलाने में भारी तो नहीं लगती?" ती बिचारी म्हणाली, "हम तो आज तक नहीं चलाए, दीदी. ये ही दूध के केन बांध के ले जाते हैं." तू बाहेर आलीस, ग्लास परत दिला आणि मला मराठीत म्हणालीस, "राहू दे. दुधाचा धंदा आहे." त्या माणसाच्या डोळ्यांसमोर बोललीस. त्याला कळलंच नाही की त्याच्या बायकोनं त्याला पाच मिनिटांत विकलं.

मराठी. तेच तर आपलं हत्यार होतं. समोरचा हिंदी, आपण दोघं मराठी, त्याच्या अंगणात उभं राहून त्याच्याच गाडीचं पोस्टमॉर्टम करायचं आणि चेहऱ्यावर रेष हलू द्यायची नाही. "मीटर मागे फिरवलंय," तू म्हणायचीस, "पेडलचं रबर पाहा, गुळगुळीत झालंय." मी त्याला म्हणायचो, "दीदी को रंग पसंद नहीं आया." मजा यायची. खोटं नाही बोलत, त्या मजेसाठी मी गरज नसताना दोन गाड्या घेतल्या.

एकदा परत येताना, मोटरसायकलवर माझ्यामागे बसून तू म्हणालीस, "पुरू, आपण दोघं गाडीपुढेच मराठी बोलतो. घरी काहून नाही बोलत?"

मी म्हटलं, "घरी बोलायला वेळ कुणाला आहे?"

"पोरीशीसुद्धा नाही बोलत तू."

"तिला समजतं ना. बस झालं."

"समजणं वेगळं," तू म्हणालीस. मी गिअर बदलला. तो वाद तिथेच राहिला. मला वाटलं गाडीच्या आवाजात तुला पुढचं बोलता आलं नाही. आता वाटतं, तू मुद्दाम थांबलीस.

विजय नगरचा तो दिवस मी तेव्हापासून शंभरदा तपासला आहे. पोरीचा साखरपुडा नागपूरला ठरला होता, बारा दिवसांवर. चार माणसं आणि सामान नेईल अशी गाडी हवी होती. जाहिरातीत नाव फक्त "सनी". कागदावरचं आडनाव इकडचंच, हिंदी. गडी चाळिशीतला, ट्रॅकपँट घातलेली, दात कोरत बाहेर आला. मी विचारलं, "इंजन ठंडा है?" तो म्हणाला, "अभी दूध लेने गया था, अंकल." सकाळचे अकरा वाजले होते. अकरा वाजता कोण दूध आणायला जातं? आणि कोपऱ्यावरच्या दुधाला कोण गाडी काढतं? मी तुझ्याकडे पाहिलं. तू बॉनेटला हात लावायला हवा होतास.

तू हात लावला नाहीस. त्या दिवशी ऊन होतं, तू थेट म्हणालीस, "पहले पानी पिला दो, बेटा," आणि आत गेलीस.

तू अर्धा तास आत होतीस. मी बाहेर त्या माणसाशी टायरवर, विम्यावर, सीट कव्हरवर भांडत होतो. मनात म्हणत होतो, आज ताई आत मोठं काहीतरी खणून राहिली. तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा वेगळाच होता, खुललेला. मी तुला त्या माणसाच्या समोर मराठीत सगळं सांगितलं, नेहमीसारखं. किमतीची माझी वरची हद्द सांगितली. साखरपुडा बारा दिवसांवर आहे, दुसरी गाडी शोधायला वेळ नाही, हेही सांगितलं. "पण आता मी उठून चाललो असं दाखवतो," म्हटलं, "तू हातात पिशवी घे."

आणि तू म्हणालीस, "घे. चांगली माणसं आहेत."

माणसं! पन्नास वर्षांत तू कधी माणसांबद्दल सांगितलं नव्हतंस. तिथंच मला थांबायला हवं होतं.

मी उठून चाललो. त्यानं मला थांबवलं नाही. मी गेटपर्यंत जाऊन परत आलो, जन्मात पहिल्यांदा. तो माझ्या हद्दीपाशी येऊन असा बसला की खाली सरकेना. आणि मी काय केलं, माहीत आहे? घरी येऊन बायकोला म्हटलं, "पोरगा पक्का आहे, मानलं." मी त्याची तारीफ केली, ताई. मी.

सिवनी सोडून घाट लागला आणि काटा वर चढला. मग बॉनेटमधून वाफ. मी, बायको, पोरगी, तू आणि मिठाईचे खोके, सगळे रस्त्याच्या कडेला. एक ट्रकवाला थांबला, त्यानं तेलाचं झाकण काढलं आणि आतली पांढरी साय बोटावर घेऊन मला दाखवली. "गैसकिट गया, चाचा. खोल के देख तो लेते." मला! ज्यानं रांझीपासून गढ्यापर्यंत माणसं पाणी पाजून उठवली, त्याला एक ट्रकवाला शिकवून राहिला.

तेव्हा मी तुला जे बोललो, ते बोललो. ते मी इथे कमी करून लिहिणार नाही. मी म्हटलं, "चौतीस वर्षं लोकांचा माल नापास केला आणि स्वतःच्या भावाला भंगार पास करून दिलं. तुझी नजर गेली, ताई. फॅक्टरीनं वेळेवर काढलं तुला." पोरगी मध्ये पडली, "पापा, बुआ को ऐसे मत बोलो." तू तिचा हात धरलास आणि मला म्हणालीस, "हो रे. गेली."

बस, एवढंच. पाहुणे तीन तास ताटकळले. आम्ही टोइंगच्या गाडीवर बसून साखरपुड्याला पोहोचलो. व्याह्यांनी विचारलं, "गाडी जुनी होती का?" आणि सगळे हसले. मी त्या हसण्याचा हिशेब तुझ्या नावावर लावला.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर सनीच्या गेटवर गेलो. तो गेटच्या आतूनच बोलला. "अंकल, जैसी थी वैसी ली आपने. आपकी दीदी ने खुद पास की थी." गेटला लाथ मारून मी परत आलो. आणि त्यानंतर तुझा फोन उचलला नाही. चार महिने.

मी हट्टी आहे, तुला ठाऊक होतं. मी वाट पाहत होतो की तू येशील आणि सांगशील काय झालं. तू आली नाहीस. एका सकाळी शेजारच्या बाईचा फोन आला. तिचा मी उचलला.

आता परवाची गोष्ट ऐक. गाडी भंगारात काढायची म्हटली, तर आरटीओनं गाडी माझ्या नावावर करायचा फॉर्म परत पाठवला, सनीची सही जुळत नाही म्हणून. मी तीच गाडी हळूहळू चालवत विजय नगरला गेलो. दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. तिनं आधी गाडी पाहिली, मग मला, आणि म्हणाली, "तुम्ही पुरू ना जी? उन्हात काहून उभे आहे? आत या ना."

ताई, मी पायरीवर तसाच उभा राहिलो.

बाई सनीची आई, काटोलकडची. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडच्या घरात आली. नवरा हिंदी, सून हिंदी, नातवंडं हिंदी. नवरा गेला. ती मला पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या ताईंनी उंबऱ्यावर चप्पल काढली आणि पायाला चटका बसला म्हणून 'अगं बाई' म्हटलं. मी इतक्या वर्षांनी ऐकलं ते. सोडलंच नाही त्यांना. गाडीचं काय ते दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही."

मग तिनं विचारलं, "ताई काहून नाही आल्या दोन गुरुवार? बरं नाही का त्यांना?"

तू दर गुरुवारी तिथे जात होतीस. रांझीच्या तुझ्या घरून, बस बदलून. चार महिने. तू बसायचीस ती खुर्ची तिनं मला दाखवली. तू तिला ज्वारीच्या आंबिलाची कृती सांगितली होतीस आणि तिनं तुला काटोलच्या संत्र्यांच्या बागेच्या गोष्टी. मी तिला सांगितलं की तू गेलीस. ती भिंतीला हात लावून खाली बसली. मग म्हणाली, "त्या सांगत होत्या, 'मी त्या दिवशी गाडी पाहिलीच नाही, मालतीबाई. भावाला सांगायचं आहे, पण तो फोन उचलत नाही.'"

तेवढ्यात सनी आतून आला. मी त्याला मराठीत विचारलं, "तुला मराठी समजते?"

"समझता तो सब हूं, अंकल. बोलना नहीं आता."

"मग त्या दिवशी..."

"आप बोल रहे थे, मैं सुन रहा था." दात कोरणं चालूच. "मैंने कोई दीवार से कान थोड़ी लगाया था."

म्हातारी त्याच्यावर कडाडली, "सनी, लाज वाटते का रे?" तो म्हणाला, "मम्मी, धंधा है." मी हात उचलला होता. म्हातारी मध्ये होती म्हणून खाली घेतला. त्यानं सही करून दिली. ह्या वेळी जुळली.

त्याचं मी पाहून घेईन. त्याच्यासारखे मी सायकलीवर होतो तेव्हापासून पाहतो आहे, तो काही अवघड नाही. जिभेवर आईची भाषा नाही, कानात मात्र ठेवली, आणि ती पण गिऱ्हाईक कापायला. थुंकतो मी त्याच्यावर. हो, माहीत आहे तू काय म्हणशील. ती भाषा मी तरी कशाला ठेवली होती? म्हण. पण इथे येऊन म्हण.

कारण माझा हिशेब तुझ्याशी आहे. तू आतून बाहेर आलीस तेव्हा तुला माहीत होतं की त्या घरात मराठी समजतं. मी माझी हद्द सांगून राहिलो होतो आणि तू समोर उभी होतीस. "पुरू, गप," एवढं म्हटलं असतंस तरी पुरे होतं. तुला वाटलं असेल की आई बोलते म्हणून पोराला समजत असेलच असं नाही. पण तू असं गृहीत धरणारी बाई नव्हतीस. मग काय, तुला तो अर्धा तास इतका गोड लागला की बाहेर तुझा भाऊ कापला जाऊन राहिला हे दिसलंच नाही? तसं असेल तर तेही सांग. मी ऐकतो. गाडी गेली तर गेली. अशा दहा गाड्या मी त्या अर्ध्या तासावरून ओवाळून टाकल्या असत्या, पण मला कुणी सांगितलं तर.

घाटात मी ओरडत होतो तेव्हा तू "हो रे, गेली" म्हणालीस. नजर गेली नव्हती. तू पाहिलंच नव्हतंस. तू खोटं कबूल करून माझं तोंड बंद केलंस आणि मला चार महिने त्या खोट्यावर चिडत ठेवलंस. मी फोन उचलला नाही, हे खरं. तो गुन्हा माझा, तो मी कुणावर ढकलत नाही. पण दर गुरुवारी तू शहरात येत होतीस. बस बदलत होतीस. एका परक्या बाईला सांगितलंस ते माझ्या दुकानाच्या गल्ल्यासमोर उभं राहून मला सांगता येत नव्हतं? मी हाकललं असतं? हाकललं असतं तर दुसऱ्या गुरुवारी यायचं होतं. तू मला तीन सायकली नाकारून चौथी घेऊन देणारी, आणि एकदा भावानं दार बंद केलं तर परत गेलीस?

देवी म्हणून जाणारे जाऊ देत. मला देवी नको. तू अर्धवट सोडून गेली आहेस आणि मी अर्धवट सौद्यावरून कधी उठलेलो नाही. काहून नाही आलीस, ताई? मला जबाब पाहिजे, आणि तो तुझ्याच तोंडून पाहिजे.